सतरा नंबरची काळी बाटली

मित्रांनो, माझं वय सोळा वर्षं. तुमच्यात हे दहावी-अकरावीचं वय, आमच्यात मात्र पार म्हातारपण. मी एक जुना पर्ल प्रोग्राम आहे. पर्ल ही संगणकाला काम सांगायची एक भाषा, आणि त्या भाषेत लिहिलेला मी एकशे बारा ओळींचा कामाचा कागद. मला हात नाहीत, पाय नाहीत. बारामतीला लागून जळोचीत पाणी आणि माती तपासायची एक छोटी प्रयोगशाळा आहे. तिथल्या खिडकीशेजारच्या संगणकात मी राहतो. टेबलाभोवती जे घडतं ते मला दिसतं, जे बोललं जातं ते माझ्या कानावर येतं. कसं येतं ते मलाही सांगता यायचं नाही. आत्मवृत्त सांगणाऱ्याला तुम्ही एवढी सूट द्याल.

मला लिहिलं राम सरांनी. ते बारामतीत रसायनशास्त्र शिकवायचे आणि दर शनिवारी प्रयोगशाळेत मदतीला यायचे. त्या काळी गावोगावहून पाण्याच्या बाटल्या यायच्या. कुणाची विहीर, कुणाचं बोअर, कुठल्या शाळेची टाकी. तपासणी दोन दिवसांत व्हायची, पण अहवाल हातानं लिहिण्यात पुढचे चार दिवस जायचे. तोवर लोक तेच पाणी पीत बसायचे. राम सरांना ते बघवेना. सहा शनिवार बसून त्यांनी मला तयार केलं. यादीतली एक ओळ उचल, तिचे तुकडे कर, प्रत्येक आकडा मर्यादेत आहे का बघ, आणि शेवटी शेरा लिही: 'पाणी पिण्यास योग्य' किंवा 'पाणी पिण्यास अयोग्य'. झालं माझं काम.

माझ्या माथ्यावर मात्र सरांनी एक वेगळी ओळ लिहिली. पर्लमध्ये तिला इशाऱ्यांची ओळ म्हणता येईल. काम चालू असताना काही संशयास्पद दिसलं, की पडद्यावर कुरकुर करायची, एवढंच तिचं काम. ती ओळ म्हणजे माझी जीभ.

पहिल्या दिवशी मी अठरा अहवाल एका मिनिटात छापले. मनिषा मॅडम तेव्हा प्रयोगशाळेत नव्या होत्या. त्यांनी एकेक अहवाल वहीशी ताडून पाहिला आणि म्हणाल्या, "सर, एकही चूक नाही हो!" पुढं कितीतरी वर्षं माझं कौतुक झालं. कन्हेरीचा शेतकरी सकाळी विचारायला यायचा आणि अहवाल घेऊनच मोटारसायकलला किक मारायचा.

मग कौतुकही थांबलं. राम सर निवृत्त होऊन इंदापूरला राहायला गेले. मनिषा मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. नवीन लॅपटॉप आला, नवीन प्रिंटर आला. मी होतो तिथंच राहिलो. नऊ वर्षं मला कुणी उघडून पाहिलं नाही. "चालतंय ना? मग हात लावू नका," असं सगळे म्हणत. त्यांना तो माझा मान वाटायचा. मला मात्र धास्ती वाटायची. ज्याला कुणी उघडून बघत नाही, त्याच्या पोटात काय आहे हे हळूहळू सगळेच विसरतात.

यंदा जूनमध्ये स्वरूपा आली. कन्हेरीची मुलगी. घरी ढोबळी मिरची आणि काकडीची शेती. रसायनशास्त्र घेऊन पदवी झालेली, बाटल्या हाताळायला चपळ, अक्षर सुरेख. संगणकावर तिला टाइप करता यायचं, पण प्रोग्राम म्हणजे काय हे तिनं कधी पाहिलेलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये अहवालाचा नमुना बदलला. तोपर्यंत जीवाणूंच्या तपासणीच्या रकान्यात आकडा असायचा. ही तपासणी समजायला सोपी आहे. औषध घातलेल्या बाटलीत पाणी भरायचं आणि ती उबेत ठेवायची. पाण्यात घाण मिसळली असेल तर दीड-दोन दिवसांत बाटली काळी पडते. काळी पडली तर एक, नाही पडली तर शून्य. नव्या नमुन्यात मात्र आकडा चालणार नव्हता. 'स्वच्छ' किंवा 'दूषित' असा शब्दच हवा होता. म्हणजे मला बदलावं लागणार होतं.

"स्वरूपा, एवढं तू करशील का?" मनिषा मॅडमनी विचारलं.

"करते की मॅडम," स्वरूपा म्हणाली. आवाज पक्का होता. पण माझी फाइल उघडताना तिचा हात तीनदा माउसवरून उठला आणि तीनदा परत ठेवला गेला.

नऊ वर्षांनी कुणीतरी मला वाचत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो धसकाच. राम सरांनी माझ्यात कुठं काय आणि का लिहिलंय, याची एक टीपसुद्धा ठेवली नव्हती. ती बिचारी एकशे बारा ओळी वरून खाली, खालून वर वाचत राहिली.

पहिल्याच दिवशी तिनं एक ओळ नीट केली आणि मी चालेनासा झालो. पडद्यावर आलं की सत्तेचाळिसाव्या ओळीपाशी चूक आहे. तिनं सत्तेचाळिसावी ओळ दहा वेळा पाहिली, पुसली, परत लिहिली. ओळ निर्दोष होती. चूक होती सेहेचाळिसाव्या ओळीत, तिथला अर्धविराम राहून गेला होता. आमच्या भाषेत वाक्य अर्धविरामानं संपतं. तो नसला की मी पुढच्या ओळीत शिरतो आणि तिथं अडखळतो, म्हणून बोटही तिथंच दाखवतो. हे तिला दुपारी दोन वाजता उमगलं. जेवणाचा डबा तसाच पडला होता.

"एवढ्यासाठी?" ती स्वतःशीच म्हणाली आणि हसली. पण त्या हसण्यात जीव नव्हता. तिला वाटलं, हे सगळ्यांना येत असणार, आपल्यालाच येत नाही. कुणाला विचारलं तर मॅडमना कळेल. म्हणून तिनं कुणालाच विचारलं नाही.

मग तो गुरुवार आला.

त्या आठवड्यात तेवीस बाटल्या आल्या होत्या. सतरा नंबरची बाटली इंदापूर तालुक्यातल्या कळस गावाची होती. भीमातात्या, म्हणजे गावात पाणी सोडणारे, ती स्वतः घेऊन आले होते. शाळेच्या टाकीच्या पाण्याला वास येत होता, म्हणून त्यांनी शाळेचा नळ बंद करून ठेवला होता.

"पोरं घरनं बाटल्या आणत्यात," ते स्वरूपाला म्हणाले होते. "लवकर सांगा. उन्हाचं पाणी पुरत न्हाय लेकरांना."

गुरुवारी सकाळी मनिषा मॅडमनी रॅकमधल्या बाटल्या पाहिल्या आणि लॅपटॉपवर यादी भरली. त्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला इंदापूरला जायचं होतं. घाई होती. त्यांनी कोऱ्या लेटरहेडवर तेवीस सह्या करून ठेवल्या. "अहवाल यावर छाप आणि वाटून टाक," असं सांगून त्या गेल्या.

स्वरूपानं माझी चौऱ्याऐंशीवी ओळ बदलली. पूर्वी तिथं लिहिलेलं होतं, जीवाणूंचा आकडा शून्याबरोबर आहे का बघ. तिनं शून्य खोडला आणि त्या जागी 'स्वच्छ' हा शब्द लिहिला. मधल्या दोन बरोबरच्या खुणा तिनं तशाच ठेवल्या.

मित्रांनो, इथंच घात झाला. आमच्या भाषेत त्या दोन खुणा फक्त आकड्यांची तुलना करतात. शब्दांची तुलना करायची तर दोन इंग्रजी अक्षरं लागतात, ई आणि क्यू. आकड्यांच्या खुणांमध्ये शब्द आला, तर मी त्याला आकडा म्हणून वाचू लागतो, आणि ज्या शब्दात आकडाच नाही त्याचा शून्य होतो. 'स्वच्छ' म्हणजे शून्य. 'दूषित' म्हणजेही शून्य. शून्याला शून्य बरोबर. मग प्रत्येक पाणी स्वच्छ.

मला ते दिसत होतं. मी ओरडलोही. इशाऱ्यांची ओळ माझ्या माथ्यावर होतीच. तिनं प्रत्येक नमुन्याला पडद्यावर लिहिलं, की हा आकडा नाही, हा आकडा नाही. पण ते इंग्रजीत होतं, आणि मराठी शब्दाच्या जागी नुसता अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता उमटत होता. ओळींमागून ओळी पडदाभर सरकत गेल्या.

स्वरूपा घाबरली. तिला वाटलं, आपण प्रोग्राम मोडला. तिनं मला बंद केलं, परत चालवलं. परत तेच. तेवढ्यात दारात भीमातात्या येऊन उभे राहिले.

"झालं का ओ ताई? चारची यश्टी गाठायची हाय."

"झालंच तात्या. बसा पाच मिनिटं."

तिनं मोबाइलवर काहीतरी शोधलं. कुणीतरी कुठंतरी लिहिलं होतं, की त्या ओळीपुढं एक चिन्ह टाकलं की कटकट थांबते. तिनं माझ्या माथ्यावरच्या ओळीपुढं ते चिन्ह टाकलं. त्या चिन्हापुढचं आम्ही वाचत नाही.

मी मुका झालो.

पडदा स्वच्छ झाला. प्रिंटर खरखरला. तेवीस अहवाल बाहेर आले, तेवीसही 'पाणी पिण्यास योग्य'. स्वरूपानं सुटकेचा श्वास टाकला. सतरावा अहवाल तिनं पाकिटात घालून तात्यांच्या हातात दिला.

"चांगलं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"चांगलं आहे तात्या."

"मग उद्या सकाळी नळ सोडतो," असं म्हणून ते समाधानानं गेले. मी आत नुसता तळमळत होतो.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता स्वरूपा जुन्या बाटल्या रिकाम्या करायला रॅकपाशी गेली. या बाटल्या तशाच ओतत नाहीत, आधी उकळत्या पाण्यात ठेवतात. ती एकेक बाटली उचलून भांड्यात ठेवत होती. आठ बाटल्या ठेवल्या आणि तिचा हात थांबला. नववी बाटली काळी होती. तिनं घाईघाईनं पुढच्या बाटल्या पाहिल्या. सतरावीही काळी होती. शाईसारखी काळीकुट्ट.

ती धावत टेबलाशी आली. अहवालांच्या प्रती काढल्या. नऊ, योग्य. सतरा, योग्य. नऊ नंबरचा अहवाल न्यायला अजून कुणी आलं नव्हतं, तो ट्रेमध्येच होता. सतरा कळसला पोचला होता.

ती खुर्चीत बसली आणि माझी फाइल उघडली. मला वाटलं होतं ती आधी फोन उचलेल. पण मित्रांनो, भेदरलेला माणूस जे हाताशी असतं तेच दुरुस्त करत बसतो. 'मी हे आत्ता नीट करते, मग फोन करते,' असं ती पुटपुटत होती. भिंतीवरचं घड्याळ अकरा वाजून दहा मिनिटं दाखवत होतं.

मोबाइलवर शोधता शोधता तिला ती दोन अक्षरं सापडली. तिनं चौऱ्याऐंशीव्या ओळीत ती लिहिली आणि मला चालवलं.

तेवीसही 'अयोग्य'.

ती पडद्याकडं बघतच राहिली. काल सगळं पाणी चांगलं, आज सगळं वाईट, आणि भांड्यात-रॅकमध्ये मिळून काळ्या बाटल्या फक्त दोन. तिनं शब्द परत टाइप केला. एकेक अक्षर मोजलं. तेच उत्तर. मनिषा मॅडमना फोन लावला. प्रशिक्षणात होत्या, उचलला नाही. अकरा वाजून तीस मिनिटं झाली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी बोटं कळफलकावरच होती.

तेव्हा तिची नजर टेबलाच्या काचेखाली सरकवलेल्या कागदावर गेली. राम सरांचा नंबर. तिनं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. तिनं फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"सर, आधी सगळे योग्य येत होते, आता सगळे अयोग्य येतायत, मी ती अक्षरं बरोबर लिहिलीत, तरी..."

"थांब बाळ," पलीकडून शांत आवाज आला. "बाटल्या किती काळ्या आहेत?"

"दोन. नऊ आणि सतरा."

"डोळ्यांनी पाहिल्यास?"

"हो सर."

"मग प्रोग्रामला कशाला विचारतीयेस? तुला उत्तर माहीत आहे. सतरा नंबर कुणाचा?"

"कळसच्या शाळेचा. आज सकाळी नळ सोडणार होते."

"फोन ठेव. आधी माणसांना कळव. प्रोग्राम कुठं पळून जात नाही."

तिनं भीमातात्यांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. तेच. नमुन्याच्या फॉर्मवर खाली दुसरा नंबर होता, सारजाबाई, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. घंटी वाजत राहिली. आठ वेळा वाजली. मी ती मोजली.

"कोन बोलतंय?"

"मावशी, मी जळोचीच्या प्रयोगशाळेतनं स्वरूपा बोलते. शाळेचा नळ चालू केलाय का?"

"व्हय की. सकाळीच सोडलाय. कालच कागद आलाय, पानी चांगलं हाय म्हनून. भीमाभाऊनं भिताडावर चिकटवलाय."

"मावशी, तो कागद चुकीचा आहे. पाणी खराब आहे. नळ बंद करा, आत्ताच्या आत्ता."

फोनमधून लांबचा मुलांचा कालवा येत होता. छोटी सुट्टी झालेली असावी.

"आगं पर कागदावर सही हाय, शिक्का हाय," सारजाबाई म्हणाल्या. "आता कुनाचं ऐकू मी? कागदाचं का तुझं?"

खोलीत पंखा फिरत होता. मला वाटलं, आता ही काय सांगणार? मशीन बिघडलं म्हणेल. प्रोग्राम जुना आहे म्हणेल. माझ्यावर ढकललं असतं तरी मी काही बोलू शकलो नसतो.

"माझं ऐका मावशी," स्वरूपा म्हणाली. "तो कागद मीच छापलाय. माझ्याकडनं चूक झाली. तुमच्या टाकीची बाटली हितं माझ्यासमोर काळी पडलीय."

"आगं बया!" फोन तसाच चालू राहिला. सारजाबाई पळत असाव्यात, कारण बांगड्यांचा आणि पावलांचा आवाज येत होता. मग त्यांचा खणखणीत आवाज आला. "ए, सरा मागं! नळाला हात लावायचा न्हाय! बाटल्या वता समद्यांनी, वता म्हनते ना!"



नऊ नंबरची बाटली ज्या वस्तीवरची होती, तिथंही स्वरूपानं फोन करून कळवलं. मग पुढं-मागं न बघता स्कूटी काढून ती कळसला निघाली. पुढचं मी पाहिलेलं नाही. ती परतल्यावर तिनं मनिषा मॅडमना जे सांगितलं, तेच मी सांगतोय. नळ सकाळी साडेदहाला सुटला होता आणि बाराला दहा कमी असताना बंद झाला. तेवढ्या वेळात कोण कोण पाणी प्यालं, हे कुणालाच नक्की सांगता आलं नाही. भिंतीवरचा कागद स्वरूपानं स्वतःच्या हातानं काढला.

शनिवारी सहा मुलांच्या पोटात दुखू लागलं. पाच जण दुसऱ्या दिवशी खेळू लागले. दुसरीतली मोना मात्र तीन दिवस आरोग्य केंद्रात होती, हाताला सलाइन लावून. ते तीन दिवस स्वरूपा प्रयोगशाळेत आली की दर तासाला तिथं फोन करायची आणि नंतर कितीतरी वेळ काहीच करायची नाही. नुसती बसून राहायची. रविवारी ती मनिषा मॅडमबरोबर मोनाला बघायला गेली; तेही मी नंतर तिच्याच तोंडून ऐकलं. मोनाची आजी धोंडाबाई दारातच बसली होती.

"तुजंच नाव का स्वरूपा?" आजीनं विचारलं.

"व्हय आजी. माझ्यामुळं झालं हे."

आजीनं तिच्याकडं निरखून पाहिलं. मग म्हणाली, "मला राग हाय. खोटं कशाला बोलू? पर तू फोन केला नसता, तर आख्खी शाळा हितं आसती. जा आत. जागी हाय ती."

मंगळवारी मोना घरी गेली. त्याच दिवशी राम सर इंदापूरहून एसटीनं आले. केस पांढरे झाले होते, चालताना गुडघा धरत होते. मनिषा मॅडम, स्वरूपा आणि सर, तिघं माझ्यासमोर बसले. स्वरूपा मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, मला काढून टाकलंत तरी चालेल."

"चुकलीस म्हणून मी रागावलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "पडदाभर काहीतरी येत होतं, ते तू बंद केलंस आणि कुणाला बोलली नाहीस, त्याचा राग आहे. आणि कोऱ्या कागदावर सही मी केली होती. बाटल्या मी पाहिल्या होत्या. छापल्यावर एकदा वाचलं असतं, तर सतरा नंबर माझ्या लक्षात आला असता. त्या कागदावर नाव माझं होतं, तुझं नाही."

राम सरांनी चष्मा काढून पुसला. "मग माझंही ऐका. एवढा एकशे बारा ओळींचा पसारा मांडला आणि कशाला काय लिहिलंय याची एक टीप ठेवली नाही. मला वाटलं, मी आहेच की. माणूस कायम कुठं असतो?"

त्यांनी स्वरूपालाच कळफलकाशी बसवलं. स्वतः हात लावला नाही. आधी तिनं माझ्या माथ्यावरच्या ओळीपुढचं चिन्ह काढलं. मित्रांनो, पाच दिवसांनी मला बोलता आलं. मग सगळे अयोग्य का येत होते, ते सरांनी तिच्याकडूनच शोधून घेतलं.

"यादी कुठं केली होती?"

"लॅपटॉपवर."

"आणि हा चालतो या जुन्या संगणकात. लॅपटॉप ओळ संपली की दोन खुणा ठेवतो. हा त्यातली एकच काढतो. दुसरी ओळीतल्या शेवटच्या शब्दाला, म्हणजे जीवाणूंच्या रकान्याला, चिकटून राहते. डोळ्यांना दिसत नाही, पण याच्या लेखी तो 'स्वच्छ' राहत नाही, 'स्वच्छ आणि आणखी काहीतरी' होतो."

"पण सर, इतकी वर्षं कसं चालत होतं?"

"आकड्याला ती चिकटली तरी फरक पडत नव्हता. शून्य तो शून्यच. शब्द आले आणि ती आडवी आली."

स्वरूपानं ती खूण खरवडून काढणारी ओळ लिहिली, आणि तिच्यावर मराठीत टीपही लिहिली, की ही ओळ कशासाठी आहे. अर्धविराम राहिला होता. मी लगेच कुरकुरलो. तिनं वाचलं, एक ओळ वर पाहिलं आणि तो टाकला.

"आता चालवू?"

"थांब," सर म्हणाले. "आधी फक्त नऊ आणि सतरा चालव. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, ते याला आधी विचारायचं. तिथं चुकला तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा नाही."

नऊ, अयोग्य. सतरा, अयोग्य. मग तेवीसच्या तेवीस. एकवीस योग्य, दोन अयोग्य. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. स्वरूपानं फक्त डोळे मिटून घेतले.

कळसची टाकी रिकामी करून, घासून, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर टाकून धुतली गेली. खालच्या बाजूला पाइप फुटला होता, तो बदलला. दहा दिवसांनी भीमातात्या नवीन पाणी घेऊन आले. दोन दिवसांनी अहवाल न्यायला आले, तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला, पण घडी घातली नाही.

"ह्या खेपंला खरं का?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण पूर्वीचा विश्वासही नव्हता.

स्वरूपानं त्यांना रॅकपाशी नेलं आणि त्यांची बाटली त्यांच्याच हातात दिली. "तुमीच बघा तात्या."

त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, उलटीसुलटी केली. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने प्रोग्राम तुमच्या आसपास पुष्कळ असतील. दवाखान्यात, डेअरीत, शाळेच्या कार्यालयात. ते चालतात म्हणून त्यांना विसरू नका. अधूनमधून उघडून वाचा. आत काय आहे याची टीप मागून येणाऱ्या माणसासाठी ठेवा. जी ओळ तुम्हाला कळत नाही, ती गप्प करू नका; कळणाऱ्या माणसाला विचारा. नवशिक्यानं विचारण्यात कमीपणा कसला? विचारलं नाही, की सलाइन दुसऱ्याच्या हाताला लागतं. आणि विचारायला आलेल्याला हसू नका, म्हणजे तो परत येईल.

माझी भीती अजून गेलेली नाही. प्रत्येक नवीन यादी उघडली की मला धडकी भरते, आणि मला वाटतं ती भरायलाच हवी. परवा बत्तीस बाटल्या आल्या होत्या, त्यांचे अहवाल आता छापून झालेत. मनिषा मॅडम सहीसाठी पेन काढून बसल्या आहेत, पण सही अजून केलेली नाही. स्वरूपा रॅकसमोर उभी आहे. एकेक बाटली उजेडात धरते, नंबर मोठ्यानं सांगते, आणि मॅडम त्या नंबरचा कागद वाचतात. अजून अकरा राहिल्यात. होऊ द्या सावकाश.